इजा : होय

हात हातात घेतला आणि मी दचकले. दचकण्यासारखं तसं काही नव्हतं. नाडी बघायला म्हणून अन्नपूर्णाबाईंचं मनगट धरलं होतं, नाडी शहाण्यासारखी चालली होती, चौऱ्याहत्तर, आणि मोजून झाल्यावर सवयीने मी त्यांचा तळहात उलटा करून पाहिला, तर तो मऊ लागला. मऊ म्हणजे तान्ह्या लेकराच्या टाचेसारखा मऊ. ब्याऐंशी वर्षांची बाई ही. लग्न होऊन आली तेव्हापासून कापूस वेचला, तूर सोंगली, जात्यावर दळलं, सारवलं, पोरं वाढवली, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी लेकाने मलकापुरात खता-बियाण्यांचं दुकान टाकलं म्हणून त्याच्या घरी राहायला आलेली. पौषात मी आले होते तेव्हा ह्याच हाताने माझा दंड धरून त्या म्हणाल्या होत्या, "बस वं बाई, उभी काऊन?" आणि माझ्या पातळाचा धागा त्यांच्या बोटाच्या भेगेत अडकला होता. दोघी हसलो होतो. आज चैत्र. तीन महिन्यांत तो हात गेला कुठे? मी तो चादरीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि पत्रकात मुद्दा अकरासमोर लिहिलं, त्वचा उत्तम.

मी तपासनीस आहे. चौतीस वर्षं सरकारी परिचारिका होते, संग्रामपूर, मग लोणार, मग शेवटी मलकापूर, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंती मोजायचा कंटाळा आला म्हणून एका संस्थेत लागले. ही संस्था म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या घरी सेविका पाठवते. मी न कळवता त्या घरांत जाते आणि सेवा नीट चाललीय की नाही ते बघते. बेचाळीस मुद्द्यांचं पत्रक असतं, प्रत्येकासमोर होय आणि नाही असे दोन चौकोन. न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून चटई आहे काय, होय. गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरली आहे काय, होय. नखं, केस, पाठीची कातडी, पिण्याच्या पाण्यावरचं झाकण. माझं नाव महामाया, पण सेविका मला मागून 'लाल पेन' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला चांगलं माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंसुद्धा. माझ्या हाताखालून गेलेल्या घरात कुणाच्या पाठीला जखम सापडणार नाही, ही माझी शेखी आहे. शेखी तर शेखी. माणसाकडे काहीतरी असावं मिरवायला.

आणि आज ह्या घरात तर नाव ठेवायला जागा नव्हती. सव्वासातला मी दारात उभी राहिले तेव्हा लेक दुकानात गेलेला, सून निशिगंधा सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली, आणि घरात फक्त अन्नपूर्णाबाई आणि आमची सेविका मुबीना. मुबीना छत्तीसेक वर्षांची, किरकोळ अंगाची, चटपटीत. तिने दार उघडलं, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा झाला. मी दहा मुद्दे भरले, वीस भरले, तीस भरले. सगळे होय. मेलं, लाल पेन पिशवीतून काढायची वेळच आली नाही. पलंगाला कठडे लावलेले, चादरीला सुरकुती नाही, म्हातारीचे केस चोपून विंचरलेले, कपाळावर अंगारा, अंगाला पावडरचा वास. अशी सेवा मी जिल्ह्यात दुसरीकडे पाहिली नाही. मग मला बरं का वाटत नव्हतं? आपल्याला चहात काहीतरी पडल्यासारखं वाटतं, चमच्याने ढवळून बघितलं तर काही नसतं, तसं झालं होतं. मी मुबीनाची वही मागितली. तिचं मराठी अक्षर गोल आणि नीटस आहे. सकाळ, दोन घास. दुपार, तीन घास, नको म्हणून मान हलवली. रात्र, दूध अर्धा कप. वजन पौषात एक्कावन्न, माघात पन्नास, फाल्गुनात अठ्ठेचाळीस, आता सत्तेचाळीस. पत्रकात मुद्दा असा होता: वजन दर पंधरवड्याला नोंदवले जाते काय? होय. ते कमी होत चाललंय काय, असं पत्रक विचारत नाही. ते पत्रक मीच बसून तयार केलं होतं, आमच्या व्यवस्थापकासोबत, दोन दिवस खपून.

"बोलतात का गं?" मी मुबीनाला विचारलं. "पह्यले लय बोलत होत्या," ती म्हणाली. "आता नाई. मी बोलतो, त्या आयकतात. कवा कवा आयकत पन नाईत." अन्नपूर्णाबाई छताकडे बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, मावशी, कसं वाटतंय? त्यांनी मान माझ्याकडे वळवली, ओळखलं असावं, आणि पुन्हा छताकडे पाहिलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, खुब्याचं हाड नीट जुळलं होतं. दिवाळीत अंगणात पडून खुबा मोडला होता, अकोल्याला ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून मुबीना त्यांच्याकडे. पौषातल्या माझ्या भेटीपर्यंत त्या वॉकर धरून घरभर फिरायला लागल्या होत्या. पौषातली भेट. तिकडे माझं मन जायला बघत नव्हतं, बैल पाण्याला अडतो तसं अडत होतं, पण गेलंच.

त्या दिवशी मी अशीच न सांगता आले होते आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले होते. अन्नपूर्णाबाई खाली पाटावर, पुढ्यात विळी, बाजूला मेथीची जुडी, आणि शेजारी मुबीना आरामात बसून हसतेय. माझं डोकं सणकलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला खाली बसवायचं नसतं, हे शिकवलेलं असतं, पुन्हा पुन्हा शिकवलेलं असतं. तिथे लाल शेरा द्यायलाच हवा होता. पण मी पाट लिहून थांबले का? नाही. मी लिहिलं, धारदार विळी, जवळच गॅस, आणि वर आणखी, 'सेविका रुग्णाला घरकामाला जुंपते.' जुंपते! हा शब्द सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. संस्थेत मुबीनाला बोलावून सगळ्यांदेखत झापलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, शहाणी होईल. आणि झाली की. आज सगळे चौकोन होय.

मऊ हात. हा हात मी आधी कुठे धरला होता ते मला ठाऊक होतं, पलंगाशी उभी राहून मी ते ठाऊक नसल्याचं सोंग करत होते इतकंच. आमच्या मायचा. मी लोणारला होते, सरकारी क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्या आणि मोरी, आणि मायला मी संग्रामपूरकडच्या खेड्यातून उचलून घेऊन आले. सत्तर पार झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबली होती ती. मी म्हटलं, माय, आता बस. आता तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. ड्यूटीला जाताना मी गॅसचं बटण काढून पिशवीत टाकून नेत असे, पोळेल म्हणून. विळी माळ्यावर. पाण्याच्या बादल्या भरून ठेवायची, तिला हापशावर जावं लागू नये म्हणून. शेजारची एक पोरगी तिच्याजवळ बसायला ठेवली होती. माय म्हणायची, "मले काई काम दे वं. तांदूय तरी निवडाले दे." मी म्हणायची, तांदूळ निवडलेलेच येतात आता, तू आराम कर. सहा वर्षं तिने आराम केला. शेवटी शेवटी तिचे हात इतके मऊ झाले होते की मी ते शेजारणींना दाखवायची. बघा, माझ्या मायचे हात बघा, आता कुणी म्हणेल का हिने मजुरी केली? माय ते हात पुढे धरून बसायची, मी दाखवेपर्यंत. ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता, आणि हे मी अकरा वर्षं लोकांना सांगत आले. नर्सिंगच्या पोरींना सांगितलं, निरोप समारंभातल्या भाषणात सांगितलं. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की तिने मागितलं होतं ते मी तिला दिलंच नाही. पसाभर तांदूळ मागितले होते बिचारीने. त्यात दोन खडे टाकून दिले असते तर माझं काय जात होतं?

मागच्या खिडकीतून वास आला तेव्हा मी अशी उभी होते, एका हातात पत्रक, एका हातात पेन. गोडसर, आंबूस, गरम वास. गव्हाचा चीक. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून गाळला की खाली जे पांढरं सत्व बसतं ते उकळत्या पाण्यात घालून शिजवतात आणि त्याच्या कुरडया घालतात. चैत्र लागला की आमच्याकडे गल्लोगल्ली हेच. मी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत नव्हत्या. मान खिडकीकडे वळली होती, नाकपुड्या हलत होत्या, आणि चादरीवरच्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवरून फिरत होता, पुढे मागे, पुढे मागे, कसला तरी अंदाज घ्यावा तसा. आणि तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हाक आली. "काकू! ओ अन्नपूर्णा काकू! चीक शिजला का पाह्याले या ना वं! मले तं काई समजूनच नाई राह्यलं!"

मुबीना धावत खिडकीशी गेली. "विमलबाई, आज नाई जमत. मॅडम आल्या हायेत तपासनीले."

"कोन, ते लाल पेनवाली?" पलीकडून खणखणीत आवाज. "येऊ दे ना मंग तिलेही! का चीकही तपासते म्हना!"

पलीकडे दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. मुबीनाची मान खाली गेली. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं, आणि हसू आलं म्हणून मग थोडा रागही आला. मी मुबीनाला विचारलं, "ह्या दरवर्षी जायच्या का?"

"हाव ना मॅडम. गल्लीतल्या साऱ्या बाया याईलेच बलावतात. आजीनं हात लावून शिजला म्हनल्याबिगर कोनी सोऱ्यात चीक भरत नाई म्हनतात. मागच्या साली तं स्वतः चाटू फिरवला म्हने. विमलबाई आठ दिसापासून रोज इचारून राह्यली, काकूले कवा आनतं, काकूले कवा आनतं."

"मग आणायचं ना."

मुबीनाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थकलेल्या माणसाने पाहावं तसं. "मॅडम, तुम्हीच तं लिहून गेल्या होत्या ना. माह्या नावावर एक लाल शेरा हाये. दुसरा आला का मी चाल्ली परत जिनिंगमधी. आठ वर्सं काढली म्या तथी, रुईची धूळ नाकातोंडात, खोकून खोकून जीव जाये. हे काम मले आवडते. आजीही मले आवडतात. म्हनून त्याईले मी काईच करू देत नाई. चमचा पन मीच धरतो. विस्तव नको, विळी नको, पायरी नको. काई झालंच नाई पाह्यजे." आणि मग आवाज खाली आणून, "त्या माह्याशी बोलत नाईत आता. मले समजते काऊन ते. पन मी काय करू सांगा."

लाजेने माझे कान तापले होते, एकसष्टाव्या वर्षी, शाळेत चूक पकडली गेल्यावर तापतात तसे. पेन कुणाच्या हातात होतं? माझ्या. शब्द कुणाचा होता? माझा. ह्या पोरीने माझा शब्द पाळला, अक्षर न अक्षर पाळला, आणि पलंगावरची बाई दर पंधरवड्याला किलो-अर्धा किलो कमी होत गेली. मी पत्रक पलंगावर टाकलं. "वॉकर आण," मी म्हटलं. "आणि त्यांच्या चपला."

"मॅडम, हे परीक्षा हाये का?" मुबीना जागची हलली नाही. "मले फसवू नका. तुम्ही म्हनसान ने, आन् मी नेलं का लिहसान नेलं म्हनून."

कुणी माझ्याबद्दल असं बोललेलं मी समोरासमोर पहिल्यांदाच ऐकलं. "नाही गं," मी म्हटलं, आणि कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. "परीक्षा कायची? मलेच जायचं हाये पाह्याले. चाल, धर त्याईले."

अन्नपूर्णाबाई तोवर स्वतःच पाय खाली सोडून बसल्या होत्या.

मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. पत्रकाच्या भाषेत धोका क्रमांक एक. मी पुढे, उलट्या पावलांनी, दोन्ही हात पसरून, मधे अन्नपूर्णाबाई, मागे मुबीना, त्यांचा पदर त्यांच्याच कमरेला गुंडाळून तो घट्ट धरून. पहिली पायरी. कोवळं ऊन त्यांच्या पायांवर पडलं. मला वाटलं, पडल्या तर? पडल्या तर माझी चौतीस वर्षं आणि वरची तीन पाण्यात. दुसरी पायरी. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, त्याला दुधाचा वास होता. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या आणि मला कोपराने बाजूला सारलं, वाट अडवून राहिलेल्या वासराला सारावं तसं, आणि वॉकर खाली टेकवून उतरल्या. भिंतीतल्या फाटकातून विमलबाईच्या अंगणात जायला वीस पावलं. ती त्यांनी कशी टाकली ते मी सांगू शकत नाही, कारण मी पायांकडे बघतच नव्हते. मी तोंडाकडे बघत होते. सणाला माहेरी निघालेल्या पोरीचं तोंड असतं ना, तसं.

विमलबाई म्हणजे पन्नाशीची, दणकट, बोलण्यात फटकळ बाई. तिने आधी आ केला, मग पदराला हात पुसत धावली, मग प्लास्टिकची खुर्ची आणून ती चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली. खुर्ची उंच होती, खुब्याला चालेल अशी. तेवढं तपासणं माझ्याकडून झालंच. तीन विटांच्या चुलीवर मोठा गंज, त्यात चीक रटरटत होता, फुगा यायचा आणि फुटायचा. बाजेवर जुनं पातळ ताणून अंथरलेलं. विमलबाईच्या दोन्ही सुना सोऱ्याला तेल लावून तयार. अन्नपूर्णाबाईंनी उजवा हात पुढे केला आणि विमलबाईने त्यापुढे पाण्याची वाटी धरली. रीत अशी की हात पाण्यात बुडवायचा आणि ओल्या बोटांनी गंजातल्या चिकावर थाप मारायची. बोटाला चिकटला तर कच्चा, नाही चिकटला तर झाला. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. हे मला माहीत होतं. विस्तव आणि गरम पदार्थांचा मुद्दा सतरावा, तोही तोंडपाठ होता. मी हात धरू शकले असते. मी धरला नाही.

त्यांनी थाप मारली, आणि हात जरा जास्त टेकला. साठ वर्षं ज्या कातडीने ही थाप मारली ती कातडी राहिली नव्हती, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. "अगं माय!" असं ओरडून त्यांनी हात झटकला आणि दोन बोटं तोंडात घातली. मुबीनाने किंकाळी फोडली. विमलबाई टूथपेस्ट आणायला घरात पळाली, तिला मी अशी ओरडले की ती उंबऱ्यावरच थबकली, "काही लावायचं नाही! पाणी! थंड पाणी आणा नुसतं!" बादली आली. मी त्यांचा हात तांब्याने धार धरून गार करत राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, जसं करायचं असतं तसं. मधल्या दोन बोटांची टोकं लाल झाली होती आणि एकावर हरभऱ्याच्या डाळीएवढा फोड आला. फार नाही. पण मी आणला होता तो, अगदी माझ्या हाताने आणला होता. मुबीना खाली मातीत बसून रडत होती. "गेली माही नोकरी. मॅडम, गेली."

"तू काऊन रडतं वं?" कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. अन्नपूर्णाबाई. "भाजलं मले, आन् रडून तू राह्यली. ऊठ. पदर मातीत गेला पाह्य." मुबीना तशीच तोंड उघडं ठेवून बसली. महिन्याभरात आजी तिच्याशी बोलल्या नव्हत्या. अन्नपूर्णाबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली, डोळे बारीक केले. "विमल, कच्चा हाये अजून. दोन वाफा येऊ दे, जाळ कमी कर. आन् मीठ टाकलं का विसरली?"

विमलबाईने कपाळावर हात मारला. मीठ विसरली होती.

काय हसलो म्हणता आम्ही! विमलबाईच्या सुना एकमेकींवर रेलल्या, मुबीना रडता रडता हसायला लागली आणि तिला उचकी लागली. अन्नपूर्णाबाई मात्र हसल्या नाहीत, त्या फोड आलेलं बोट उन्हात धरून बघत होत्या, उलटसुलट करून, आणि तो फोड त्यांनी मुबीनाला दाखवला, मग विमलबाईला दाखवला, मग मला. "पाह्यला का?" मीठ पडलं, चीक पुन्हा रटरटला, आणि त्यांनी वाटीत थोडा काढून मागितला, वर तूप आणि साखर. मुबीनाने सवयीने चमचा उचलला. त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि डाव्या हाताने खाल्लं. सांडत सांडत, हनुवटीवरून ओघळत, पण वाटी पुसून खाल्ली. मी मोजले. अकरा घास होते.

मग मी घरात गेले. पलंगावर पत्रक होतं तसंच पडलेलं. बेचाळिसावा मुद्दा शेवटचा, भेटीच्या काळात रुग्णास इजा झाली काय? आजवर त्यासमोर मी कधी होय लिहिलं नव्हतं. खाली ओळ असते, कोणाच्या देखरेखीखाली. नाही लिहून मोकळं होता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? विमलबाईने शपथेवर सांगितलं असतं की तिच्या गंजात चीकच नव्हता. पण खोटं पत्रक माझ्या हातून गेलं नाही आणि जाणारही नाही, एवढा ताठा मला अजून आहे. मी लिहिलं, इजा: होय. उजव्या हाताच्या दोन बोटांना गरम चिकाचा चटका, प्रथमोपचार केला. देखरेख: तपासनीस महामाया, स्वतः. सेविका मुबीना यांनी नियमावर बोट ठेवून मला अडवले होते. मग पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेले: पौषातील माझा शेरा पाटाबद्दल बरोबर होता, कामाबद्दल चूक होता. तो मी मागे घेते. रुग्णाला उंच खुर्चीवर बसवून हाताला झेपेल ते काम दररोज द्यावे. न दिल्यास वजन घटते. शेवटचं वाक्य लिहिताना डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण ते ह्या पत्रकात बसत नसलेल्या एका बाईसाठी होतं, आणि तिला आता तांदूळ देता येणार नव्हते.

फोटो काढून संस्थेत पाठवला. पाच मिनिटांत राजकुमारचा फोन. राजकुमार आमचा व्यवस्थापक, तिशीतला, सज्जन माणूस, पण सगळं जग चौकोनात बसतं असं त्याला वाटतं. "मॅडम, बेचाळीसला होय चुकून पडलंय का?"

"नाही."

"मग देखरेखीत सेविकेचं नाव टाका ना. तिथे तपासनीसाचं नाव संगणक घेत नाही."

"मग पेनाने लिही बाबा. पेन अजून सगळं घेतं."

"मॅडम, तुमच्या नावावर इजा घेतली तर चौकशी होईपर्यंत तुमच्या भेटी थांबवाव्या लागतील. दोन महिने, तीन महिने. पुढे काय ठरेल ते माझ्या हातात नाही. सेविकेच्या नावावर टाकलं तर एवढं काही..."

"तिला एकही शेरा नको," मी म्हटलं. "जुनाही काढ. मागच्या पानावर लिहिलंय ते वाच." जिवावर आलं होतं, खरं सांगते. सकाळी उठून पिशवीत पत्रकं भरणं, एसटीच्या खिडकीशी बसून अनोळखी घरांकडे जाणं, हे मला आता नसणार होतं, आणि ते मला फार आवडायचं. राजकुमार म्हणाला, "बरं मॅडम, टाकतो तुमच्या नावावर. मुबीना राहील." मी फोन ठेवला. त्यानंतर मनात आलं ते समाधानच होतं, दुसरं काही नाही. मुबीना दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने येऊन माझ्या हातातलं पत्रक घेतलं, नीट घडी घातली, आणि माझ्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, आजी बलावून राह्यल्या तुम्हाले."

अंगणात ऊन चढलं होतं. बाजेवरच्या पातळावर दोन रांगा कुरडयांच्या पडल्या होत्या, ओल्या, चमकत असलेल्या. अन्नपूर्णाबाई खुर्चीत, भाजलेला हात पाण्याच्या वाटीत, आणि डाव्या हाताने हुकूम. ही पातळ झाली, ती जाड झाली, तू सरक, तू ये. मला पाहून त्या विमलबाईच्या सुनेला म्हणाल्या, "सोऱ्या दे तिले. नुसती उभी राह्यते आल्यापासून." सून घुटमळली. विमलबाईनेही क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं नवं नाही. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे होती. लहानपणी माय अशाच अंगणांत वाळवणावरचे कावळे हाकलायला बसायची, चार हात दूर, काठी घेऊन, आणि संध्याकाळी तिच्या ओट्यात तुटके तुकडे पडायचे. वाळवणाला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. मी सोऱ्या हातात घेतला. गरम होता, जड होता, तेलाने निसटत होता. दांडा दाबला तर चीक येईचना, मग एकदम आला, आणि पातळावर वाकडंतिकडं काहीतरी पडलं.

अन्नपूर्णाबाईंनी वाकून पाहिलं. "कोनं घातली हे?"

"मी, मावशी."

"मधात भोक राह्यलं. मोड."

"काकू, पाहुन्या हायेत त्या," विमलबाई मधे पडली. "राहू द्या ना वं."

"पाहुनी असन तुही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मोड म्हनलं ना वं पोरी. मोड, आन् पुन्हा घाल."

मी ती मोडली, चीक गोळा करून परत सोऱ्यात भरला आणि पुन्हा घातली. ह्या खेपेला त्यांनी मोड म्हटलं नाही. बोट पुढे करून त्यांनी मला पुढच्या कुरडईची जागा दाखवली.